किरकोळ दुरुस्तीसाठी कारागीर शोधताय? या चुका टाळा

चांगला प्लंबर मिळत नाही, वायरमन येतो म्हणून येत नाही, सुतार अर्धं काम टाकून जातो, या तक्रारी घरोघरी ऐकू येतात. चांगले कारागीर प्रत्येक भागात आहेत. पण आपण त्यांना शोधायला लागतो तेव्हा बाथरूममध्ये घोटाभर पाणी साचलेलं असतं. मग पहिला फोन जो उचलेल तोच आपला माणूस. ना चौकशी, ना भाव. सगळ्यात महागात पडते ती हीच चूक.

माणूस शोधायचा तो निकड नसताना. नळ थोडा टिपटिपतोय, दाराची कडी नीट बसत नाही, एखादा स्विच सैल झालाय, अशा बिनघाईच्या कामाला नवा माणूस बोलवून बघा. दिलेल्या वेळी येतो का? उशीर होणार असेल तर कळवतो का? नळ उघडून आतला झिजलेला वॉशर दाखवतो, की नळाला हात न लावताच ‘अख्खा नळ बदलावा लागेल’ म्हणतो? त्या अर्ध्या तासात माणूस बराच कळतो.

सोसायटीच्या ग्रुपवर ‘कुणाकडे चांगला प्लंबर आहे का’ असं विचारलं की पाच मिनिटांत सात-आठ नंबर येतात. ते जमवून थांबू नका. नंबर देणाऱ्याला विचारा: काय काम करून घेतलं होतं, कधी, आणि पुन्हा त्यालाच बोलवाल का? गळतीचं काम मार्चमध्ये केलेलं असेल तर पावसाळा जाईपर्यंत त्याची खात्री देता येत नाही. जवळचा हार्डवेअरवालाही चांगला आधार असतो, कारण रोज माल न्यायला कोण येतं आणि कुणाचं गिऱ्हाईक भांडत परत येतं, हे त्याला ठाऊक असतं. मात्र काही ठिकाणी दुकानदार आणि कारागीर यांच्यात टक्केवारी ठरलेली असते, तेवढं भान ठेवा. ॲपवरून माणूस बोलावला तर दर आधी कळतो, ठरावीक कामाला ते ठीक. पण दर वेळी नवा माणूस येतो आणि जुन्या इमारतीतल्या पाइपांची गुंतागुंत त्याला पहिल्यापासून समजावून द्यावी लागते.

आता ज्या चुकीबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय ती. आपण कारागिराला बिघाड सांगत नाही, उपाय सांगतो. ‘पंख्याची वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) गेलीय, करून द्या.’ तोही करून देतो आणि पैसे घेतो. पंखा एकाएकी मंद झाला असेल, किंवा नुसता गुणगुणतो आणि हाताने ढकलला की फिरायला लागतो, तर बहुतेक वेळा कपॅसिटर, म्हणजे मोटरला फिरायला जोर देणारा छोटा भाग, गेलेला असतो. फार तर शंभरेक रुपयांचा सुटा भाग. जुन्यावर जो आकडा आहे, छतावरच्या पंख्यात बहुधा २.५ मायक्रोफॅरड, तोच नवा बसवायचा. जास्त आकड्याचा टाकून पंखा जोरात फिरवून देणारा माणूस मोटर तापवून ठेवतो. म्हणून ‘पंखा मंद झालाय, आवाज येत नाही, वास येत नाही’ एवढंच सांगा आणि तो काय तपासतो ते बघा.

गळतीत तर उपाय सांगण्याची किंमत हजारांत जाते. आमच्याच इमारतीत एका घराचं बाथरूमचं छत ओलं झालं म्हणून वरच्या घरातली सगळी फरशी फोडून वॉटरप्रूफिंग केलं गेलं. थेंब थांबले नाहीत. पाणी येत होतं भिंतीत दडवलेल्या पाइपच्या एका एल्बोमधून, म्हणजे वळणावरच्या जोडातून. खालच्या काकू पहिल्या दिवसापासून सांगत होत्या की रात्रीही टपकतं, वर कुणी अंघोळ केली नसतानाही टपकतं. गळतीचं निदान त्या वाक्यातच होतं. दिवसरात्र सारखं टपकत असेल तर संशय पाणी आणणाऱ्या पाइपवर घ्यायचा: वरच्या घराचा व्हॉल्व्ह काही तास बंद ठेवून थेंब कमी होतात का बघायचं. वर पाणी वापरल्यावरच ओल वाढत असेल तर नहाणी ट्रॅप (फरशीवरची पाणी जाण्याची जाळी आणि तिच्याखालचं भांडं), त्याच्याभोवतालचा सांधा किंवा सांडपाण्याचा पाइप. फक्त पावसाळ्यात ओल येत असेल तर बाहेरच्या भिंतीची भेग नाहीतर गच्ची. कारागीर येण्याआधी दोन-तीन दिवस वेळा टिपून ठेवा. हे प्रश्न स्वतःहून विचारणारा प्लंबर मिळाला तर त्याचा नंबर जपा. आल्या आल्या छिन्नी काढणाऱ्याला थांबवा.

एकाच माणसाकडून सगळी कामं करून घेण्याचा मोहही टाळा. पडद्याचा रॉड बसवणं, बिजागरी बदलणं, सिलिकॉन भरणं याला हरहुन्नरी माणूस चालतो. विजेला चालत नाही. बल्ब, पंखा, स्विच बदलणं वेगळं. नवीन पॉइंट काढणं, वायरिंग वाढवणं हे परवानाधारक ठेकेदारामार्फतच व्हायला हवं असा नियम आहे. २००० वॅटचा गीझर साधारण ९ अँपिअर ओढतो. तो ६ अँपिअरच्या सॉकेटवर ‘तात्पुरता’ जोडून देणाऱ्याला पुन्हा घरात घेऊ नका. तेच गरम पाण्याच्या लाइनचं: तिथे सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणी सोसणारा प्लास्टिकचा पाइप, लागतो. थंड पाण्याचा साधा पांढरा पाइप जोडून दिला तर तो उष्णतेने मऊ पडून सांधे सुटतात.

पैशाचं बोलणं कामाआधी व्हावं. नुसतं बघायला येण्याचे किती, मजुरी किती, माल कोण आणणार. ‘बघू नंतर, तुमच्याकडून काय जास्त घेणार’ यावर काम सुरू करू देऊ नका. आगाऊ रक्कम मालापुरती द्या. आयएसआय खुणेचा माल सांगा, बिल मागा आणि काढलेला जुना भाग घरातच ठेवायला सांगा. किती दिवसांत पुन्हा बिघडलं तर फुकट येणार, हे मेसेजवर लिहून घेतलं की दोघांनाही बरं. कंपनी किंवा ॲपकडून पैसे देऊन करून घेतलेलं काम फसलं आणि दाद मिळाली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

तो जायच्या आधी तपासा. नळाच्या सांध्याला कोरडा टिश्यू लावून दोन मिनिटं थांबा, बारीक पाझरही लगेच दिसतो. विजेचं काम असेल तर आरसीसीबीवरचं (विजेची गळती झाली की वीज तोडणारं उपकरण) टेस्टचं बटण त्याच्यासमोर दाबा. वीज तुटली नाही तर ते उपकरण संरक्षण देत नाही, तिथेच सांगा. सीपीव्हीसीचा नवा सांधा असेल तर सोल्युशनच्या (सांधा चिकटवायच्या द्रवाच्या) डब्यावर लिहिलेला वेळ गेल्याशिवाय पाणी सोडू देऊ नका. घाईत सोडलं आणि दुसऱ्या दिवशी गळायला लागलं, तर दोष पाइपला लावला जातो.

चांगला माणूस मिळाला की त्याला टिकवणंही आपल्याच हातात असतं. ठरलेल्या पैशांत शेवटी पन्नास रुपये कापू नका, त्याच दिवशी हिशोब पुरा करा, ‘आलाच आहात तर’ म्हणून फुकटची तीन कामं गळ्यात मारू नका. अशा घरी तो रात्रीही फोन उचलतो. तरीही प्रत्येक कामासाठी दोन नंबर हवेत. कोकणातला प्लंबर शिमग्याला आणि गणपतीत गावी जाणार, राजस्थान-उत्तर प्रदेशातले सुतार होळी-दिवाळीला. गच्चीचं काम करणारे तर मे महिन्यात सापडत नाहीत. त्यांच्याशी फेब्रुवारीतच बोलून ठेवा.