नवे ब्रेक पॅड बसेनात: खांबाशेजारच्या पार्किंगमधला अनुभव
गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाचे नवे पॅड कॅलिपरमध्ये (पॅड चाकाच्या चकतीवर दाबणारा भाग) जाईनात. खांब दीड फुटावर, पाना फिरवायलाही जागा नाही. पिस्टन (कॅलिपरमधला, पॅड ढकलणारा दट्ट्या) आत जावा म्हणून हातोडीच्या दांड्याने रेटला, ढिम्म. दोन रविवार वाया.

शेवटी जमलं ते असं. हँडब्रेक, मागच्या चाकांना विटा. नट आधी सैल, मग जॅक, खाली स्टँड. चाक काढून स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वळवलं; मागच्या बाजूचा कॅलिपर माझ्याकडे आला. खालचा एकच बोल्ट काढून कॅलिपर वर उचलला. ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण उघडलं, जुना पॅड पिस्टनवर ठेवून सी-क्लॅम्प (सी आकाराचा स्क्रूचा शिकंजा) पाव-पाव फेरा आवळला, तसा पिस्टन आत गेला. त्याने ऑइल टाकीत परत चढतं; टाकी काठोकाठ होती, म्हणून थोडं ऑइल सिरिंजने काढलं (बॉनेटवर सांडलं तर रंग जातो). नवे पॅड, बोल्ट, झाकण, चाक. गाडी हलवण्याआधी पेडल कडक लागेपर्यंत दाबलं. पहिल्यांदा ते तळाला जातं.