वाळू साफ ठेवणारे जीव आणण्याआधी

मागच्या वर्षी एप्रिलच्या शेवटी मी घरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकसाठी मुंबईहून बारा नासारियस, दहा सेरिथ (दोन्ही समुद्री गोगलगायी) आणि एक शंख मागवला होता. सकाळी भुसावळ स्टेशनवरून थर्माकोलचा डबा घरी आणला, पिशव्या अर्धा तास टँकच्या पाण्यावर तरंगत ठेवल्या आणि सगळे जीव वाळूवर सोडून दिले. नासारियस पाच मिनिटांत वाळूत गडप होतात, हे मला ठाऊक होतं. संध्याकाळपर्यंत एकही आत गेला नव्हता. पाय बाहेर टाकून आडवे पडले होते. दुसऱ्या दिवशी वास सुटला, तिसऱ्या दिवशी अमोनिया चढला आणि दोन वर्षं सांभाळलेली क्लाउन माशांची जोडीही गेली. पिशवीतलं थोडं पाणी बादलीत उरलं होतं. त्याचा खारटपणा (पाण्याची सापेक्ष घनता) मोजला तर १.०१९. टँकचा मोजला तर १.०२९. हे दोन आकडे मी आधी मोजले असते तर एकही जीव गेला नसता. म्हणून खाली बाकी काहीही लिहिलं असलं तरी खारटपणा मोजायचा आहे, हे डोक्यात ठेवून वाचा.

टँक, फिल्टर, आरओचं पाणी, समुद्री मीठ हे असणारच. बोअरचं पाणी नको, एवढंच सांगतो.

वाळू. जीव वाळूत शिरणारे असतील तर वाळू बारीक हवी, एक-दोन मिलिमीटरच्या दाण्याची, अ‍ॅरागोनाइटची (चुनखडीसारख्या खनिजाची) आणि किमान दीड-दोन इंच जाड. प्रवाळाचा जाडा टोकदार चुरा असेल तर हे जीव त्यात नीट शिरत नाहीत. आपल्याकडे कोणी ना कोणी सांगतंच की गिरणेची नाहीतर तापीची वाळू धुऊन टाक, फुकटची आहे. टाकू नका. एकदा त्या वाळूतून लोहचुंबक फिरवून बघा, काळे कण त्याला चिकटून येतात. दख्खनच्या काळ्या दगडाचीच ती वाळू, त्यात लोहाची खनिजं असतात. काच पुसायच्या चुंबकात ते कण अडकले की काचेवर ओरखडे पडतात आणि ते पुन्हा निघत नाहीत. शिवाय ती कुठल्या डोहातून, कुठल्या नाल्याच्या तोंडाशी उपसली, हे तुम्हाला कोण सांगणार?

आता कोण काय खातं ते नीट समजून घ्या, कारण दुकानदार सगळ्यांना ‘क्लीनर’ म्हणूनच विकतो. नासारियस शेवाळ खात नाही. तो मांस खातो: माशांनी सोडलेला दाणा, मेलेला जीव. दिवसभर वाळूत पुरून घेतो, फक्त सोंड वर ठेवतो, आणि खाद्याचा वास आला की सगळे एकदम वर येतात. त्यांच्या जाण्यायेण्याने वाळूचा वरचा थर हलता राहतो, हा खरा फायदा. सेरिथ वाळूवरचा तपकिरी थर, बारीक शेवाळ आणि गाळ खातो, वाळूत थोडा शिरतो, रात्री जास्त फिरतो. माझ्या मते एकच जीव घ्यायचा असेल तर सेरिथ घ्यावा. शंख, म्हणजे स्ट्रॉम्बस जातीतला, वाळूच्या पृष्ठभागावर सोंड फिरवत चालतो आणि फार छान काम करतो, पण त्याला मोकळी वाळू लागते. एका शंखाला दोन चौरस फूट तरी धरा. दगडांनी गच्च भरलेल्या टँकमध्ये तो उपाशी मरतो. ट्रोकस, टर्बो, अ‍ॅस्ट्रिया हे काच आणि दगड साफ करणारे आहेत, वाळूशी त्यांचा संबंध नाही. अ‍ॅस्ट्रिया तर वाळूवर उलटा पडला की बहुतेक वेळा स्वतः सरळही होऊ शकत नाही.

वाळूतला तारामासा घेऊ नका. दिसतो देखणा आणि वाळू खरोखर पांढरी करतो, पण ती पांढरी होते वाळूतले बारीक जीव त्याने खाऊन टाकल्यामुळे. चार फुटी टँकमधलं ते खाद्य काही महिन्यांत संपतं. मग त्याचे हात टोकाकडून झिजत जातात आणि तो मरतो. लोकांना वाटतं, आजारी पडला. तो उपाशी मेलेला असतो. वाळू चाळणाऱ्या गोबी माशाचंही थोडंफार असंच आहे. तोंडात वाळू घेऊन कल्ल्यांतून सोडतो, बघत राहावंसं वाटतं, पण त्याला दिवसातून दोन-तीनदा गोठवलेलं खाद्य द्यायची तयारी असेल तरच आणा. टँकवर जाळी लागेल, तो उडी मारतो. आणि दगड वाळूवर ठेवलेले असतील तर तो खालून उकरतो व दगड ढासळतात, तेव्हा दगड थेट तळाच्या काचेवर टेकलेले हवेत. शंखात राहणारे खेकडे मी ठेवत नाही. मोठा शंख हवा झाला की ते गोगलगायींना मारून शंख घेतात.

समुद्रकाकडी कोणी देऊ केली तर सरळ नाही म्हणा. मरताना किंवा पंपात अडकल्यावर ती विष सोडू शकते आणि टँकमधले मासे जाऊ शकतात, हे एक कारण. दुसरं कारण त्याहून मोठं आहे. आपल्याकडे समुद्रकाकड्या २००१ मध्ये वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूचीत घातल्या गेल्या. कठीण प्रवाळही त्यातच आहेत आणि काही शंखसुद्धा: लॅम्बिसच्या काही जाती, ट्रोकस निलोटिकस, टर्बो मार्मोराटस. तेव्हा ‘टर्बो आहे, घ्या’ एवढ्यावर घेऊ नका. जात विचारा, बिल मागा. आणि अलिबागला नाहीतर दिवेआगरला सहलीला गेलात की किनाऱ्यावरचे जिवंत शंख उचलून बाटलीत घालू नका. कोनासारख्या आकाराच्या शंखांत विषारी जाती असतात आणि काहींच्या दंशाने माणूसही दगावतो.

किती घ्यायचे? माझा टँक चार बाय दीड बाय दीड फुटांचा, दगड-वाळू वजा जाता पाणी साधारण दोनशे लिटर. त्याला आता सहा नासारियस, आठ सेरिथ आणि एक शंख आहे, आणि ते पुरतात. मागच्या वेळचे तेवीस जास्तच होते. आधी निम्मेच घ्या, दोन महिने बघा, मग हवे तर वाढवा. नवीन टँकमध्ये तर घाई नकोच. अमोनिया आणि नायट्राइट शून्य झाले म्हणजे पाणी तयार झालं, वाळूत खायला काही तयार झालं असं नाही. वाळूवर तपकिरी थर दोन-तीनदा येऊन जाऊ द्या.

तांबं. पांढऱ्या ठिपक्यांच्या आजाराला तांब्याचं औषध त्याच टँकमध्ये टाकलं असेल तर तिथे गोगलगाय घालू नका. दगड आणि वाळू तांबं धरून ठेवतात आणि पुढे सोडत राहतात, माशाला चालतं तेवढं तांबं गोगलगायीला मारतं. पाणी साठवायला घरातला तांब्याचा हंडाही वापरू नका. प्लॅस्टिकचा ड्रम घ्या.

आणि आता खारटपणा. माशाच्या शरीरात मिठाचा तोल सांभाळायची व्यवस्था असते. गोगलगायीत ती नसते. बाहेरचं पाणी जसं, तसं तिच्या आतलं पाणी होत जातं. म्हणून १.०१९ मधून उचलून १.०२९ मध्ये टाकलं की तिच्या अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि ती हलूही शकत नाही. अर्धा तास पिशवी तरंगत ठेवली की तापमान जुळतं, खारटपणा जुळत नाही. मी नेमकं इथेच चुकलो.

माझा टँक १.०२९ वर गेला कसा? उन्हाळ्याने. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ च्या वर जातो, हवा कोरडी असते, आणि पाणी थंड ठेवायला मी टँकवर पंखा लावला होता. पंख्याने पाणी थंड होतं ते उडून जाऊनच. रोजचे चार-पाच लिटर उडतात. मीठ उडत नाही, ते टँकमध्येच राहतं. दोनशे लिटरमधून वीस लिटर उडालं की ३५ चा (हजार भागांत ३५ भाग मीठ) खारटपणा ३९ च्या जवळ, म्हणजे १.०२९ च्या आसपास जातो, आणि वीस लिटर उडायला चार-पाच दिवस पुरतात. मी लग्नाला धुळ्याला गेलो होतो, पाच दिवस पाणी घातलं नव्हतं. परत आल्यावर पाण्याची पातळी कमी दिसली, ती मी मिठाच्या पाण्याने भरली. साधं आरओचं पाणी घालायला हवं होतं. उडालेलं पाणी गोडं असतं, भरायचंही गोडंच. काचेवर पातळीची खूण करा आणि रोज सकाळी तिथपर्यंत भरा.

दुकानदाराचं पाणी उलट कमी खारट असतं. मिठाचा खर्च वाचतो आणि माशांवरचे परजीवीही कमी होतात, म्हणून बरेच जण १.०१८-१.०२० वर ठेवतात. त्यात त्याची चूक नाही. विचारलं की तो सांगतो. मी विचारलं नव्हतं. तेव्हा ऑर्डर देतानाच फोनवर विचारा: ‘दादा, गोगलगायींच्या टाकीचा खारटपणा किती?’ आकडा कागदावर लिहा आणि डबा येण्याच्या आदल्या दिवशी वीस लिटरच्या टबमध्ये त्याच आकड्याचं पाणी करून ठेवा, हवेचे बुडबुडे सोडणारा दगड लावून. जीव आले की आधी पिशवीतलं पाणी मोजा, कारण सांगितलेला आकडा आणि आलेला आकडा वेगळा असू शकतो. टबचं पाणी त्याला जुळवा आणि जीव टबमध्ये सोडा. मग रोज थोडं थोडं टँकचं पाणी घालत तीन-चार दिवसांत टँकच्या आकड्यापर्यंत न्या. टब झाकून ठेवा, गोगलगायी चढून बाहेर येतात. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका.

टब नसेल तर निदान नळीला गाठ मारून सेकंदाला दोन-तीन थेंब असं दोन-तीन तास टँकचं पाणी सोडत राहा. पण मोठ्या फरकाला हे पुरत नाही. शिवाय रात्रभराच्या प्रवासानंतर पिशवी उघडली की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच चढतो आणि साचलेला अमोनिया जास्त विषारी होतो. त्या पाण्यात तासन्‌तास ठेवण्यापेक्षा जुळवलेल्या ताज्या पाण्यात सोडलेलं बरं.

खारटपणा मोजायचं रिफ्रॅक्टोमीटर आरओच्या पाण्यावर शून्याला लावून भागत नाही, ३५ च्या तपासणी द्रावणावर लावा. त्याची तापमानाची सुधारणा बहुधा १० ते ३० अंशांपर्यंतच चालते. मे महिन्यातल्या दुपारी, चाळीस अंशांच्या खोलीत घेतलेला आकडा धरू नका. कूलर लावून, नाहीतर पहाटे, थेंब काचेवर अर्धा मिनिट थांबवून मोजा. दोनदा मोजा.

शक्यतो डिसेंबर-जानेवारीत मागवा. डब्यात वर्तमानपत्र गुंडाळायला सांगा, कारण रात्री आपल्याकडे थंडीही कडक असते. गाडी वेळेवर आहे ना ते बघून स्टेशनवर आधी जा, डबा उन्हात ठेवू देऊ नका.

टँकमध्ये ट्रिगर, पफर किंवा मोठे रास (wrasse) असे मासे असतील तर हे सगळं सोडा, ते गोगलगायी खातात.

सोडल्यावर पहिला आठवडा रोज जिवांची मोजणी. मेलेला दिसला की लगेच काढा, वास घेतला की कळतं. वाळू स्वच्छ दिसू लागली की नासारियससाठी आठवड्यातून दोनदा कोळंबीचा तुकडा टाका. लाल चिकट थर आला तर जीव वाढवू नका, तो बहुधा कोणी खात नाही. खाद्य कमी करा, पाणी बदला. पाणी बदलणं आणि सायफन चालूच ठेवायचं, हे जीव गाळ बारीक करतात, टँकबाहेर नेत नाहीत. जुनी वाळू तळापासून ढवळू नका. लाइट जाते म्हणून हवेच्या पंपाला इन्व्हर्टर.

डब्याची टेप कापायच्या आधी रिफ्रॅक्टोमीटर टेबलावर काढून ठेवा. पहिली पिशवी उघडली की पहिले दोन थेंब त्यावर.