नागपुरात प्लॉट घेताय? बयाणा द्यायच्या आधी हे शब्द समजून घ्या

बेसा, जामठा, उमरेड रोड, जिकडे जा तिकडे लेआउटचे बोर्ड लागून राहिले आहेत आणि बोर्डावर एनए (जमीन बिगरशेती झालेली), आरएल (प्लॉट नियमित झाल्याचं पत्र), बँक लोन उपलब्ध असं सगळं मोठ्या अक्षरात असतं. घेणारा रेट विचारतो, रस्ता किती फुटाचा ते विचारतो, पूर्वमुखी आहे का तेही विचारतो, पण समोर ठेवलेल्या कागदाचं नाव काय ते कोणी विचारत नाही. खरं तर प्रत्येक कागदाला एकच प्रश्न विचारायचा असतो: यावर सही झाली की प्लॉट माझा होतो, का नुसता मागायचा हक्क मिळतो?

बयाणपत्र घ्या. कोणी इसारपत्र म्हणतं, पुण्याकडे साठेखत म्हणतात, पण अर्थ एवढाच की "मी तुला पुढे विकीन". १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात साफ लिहिलंय की अशा करारानं त्या जमिनीत तुमचा मालकी हक्क तयार होत नाही. म्हणून यात दोन ओळी बोट ठेवून वाचा, मुदत कधीपर्यंत आहे आणि मुदत हुकली तर बयाणा परत का जप्त. दुसरी ओळ बऱ्याचदा नसतेच, ती लिहून घ्या. आणि बयाण्याचे २०,००० किंवा त्याहून जास्त रोख द्यायचेच नाहीत, आयकर कायद्यात त्याला मनाई आहे, घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. फ्लॅट असो की रेरात नोंदलेल्या लेआउटमधला प्लॉट, रेरा (बिल्डरांवर नियम घालणारा कायदा) सांगतो की करार रजिस्टर केल्याशिवाय बिल्डरनं १० टक्क्यांवर पैसे घ्यायचे नाहीत.

दुसरा शब्द पॉवर, म्हणजे आममुखत्यारपत्र. "मालक बाहेरगावी आहे, माझ्याकडे पॉवर आहे, तुम्हालाही पॉवर करून देतो, काही टेन्शन नाही." टेन्शन आहे ना बाप्पा! मुखत्यार मालकाच्या वतीनं विक्रीपत्रावर सही करू शकतो, पण नुसती पॉवर घेऊन प्लॉट तुमच्या नावावर होत नाही, सुप्रीम कोर्टानं २०११ मध्येच हे ठणकावून सांगितलं. शिवाय मालक वारला की साधी पॉवरही संपते.

मालक करतो ते विक्रीपत्र, ज्याला आपण रजिस्ट्री म्हणतो. स्टॅम्प ड्युटी रेडी रेकनरची (सरकारी दरपत्रकाची) किंमत आणि तुमच्या व्यवहाराची किंमत यातली जी जास्त त्यावर लागते, म्हणून कागदावर किंमत कमी दाखवून पैसे वाचतील असं कोणी म्हणत असेल तर त्याला हात जोडा.

आता सातबारा, यावर जरा जास्त वेळ द्या. आपल्याकडच्या सातबाऱ्यात मौजा, प.ह.नं. आणि खसरा नंबर लागतो, हे तिन्ही विक्रीपत्राच्या मसुद्याशी जुळवून बघा. प.ह.नं. म्हणजे पटवारी हलका नंबर. मग भोगवटादार वर्ग बघा. वर्ग १ असेल तर विकायला साधारण अडचण नाही, वर्ग २ असेल तर सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही, आणि ब्रोकर हे शेवटी सांगतो, सांगितलं तर. मग नजर "इतर हक्क" रकान्यावर न्या, खरा मसाला तिथे असतो. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कुळाचं नाव, कोर्टाच्या केसची नोंद. बोजा म्हणजे त्या जमिनीवर कर्ज चढलेलं आहे, ते फिटल्याचं बँकेचं पत्र आलं तरी सातबाऱ्यावरून नोंद कमी झाली का ते वेगळं बघावं लागतं. शहरात सिटी सर्व्हे झालेल्या भागात हेच काम आखीव पत्रिका करते.

आरएल हे खास नागपूरचं. नासुप्रनं, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासनं, "५७२" आणि "१९००" या आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या विनापरवानगी लेआउटमधल्या प्लॉटना गुंठेवारी कायद्याखाली (असे प्लॉट नियमित करायचा कायदा) नियमित करायचं काम काढलं, त्यात प्लॉट नियमित झाल्याचं जे पत्र मिळतं ते आरएल. डिमांड (नियमित करायचं शुल्क) भरल्याची पावती म्हणजे आरएल नाही, हे लक्षात ठेवा, दाखवताना मात्र लोक तीच पावती पुढे करतात. आणि नासुप्रचा स्वतःचा प्लॉट असेल तर तो लीजवर असतो, साधारण ३० वर्षांची मुदत, म्हणजे तुम्ही पट्टेदार, मालक नाही. विकताना त्यांची एनओसी लागते, म्हणून लीज रिन्यू झाली का आणि भूभाडं भरलं का ते आधीच विचारा.

विक्रीपत्र झाल्यावर सूची क्रमांक २ काढून घ्या, सगळे इंडेक्स टू म्हणतात, त्यात कोणी कोणाला काय कितीला विकलं त्याचा उतारा असतो. मग फेरफार, म्हणजे रेकॉर्डला तुमचं नाव चढवणं. पण फेरफारानं मालकी मिळत नाही, ती विक्रीपत्रानंच मिळते. "फेरफार झालाय ना, मग कागद कशाला" म्हणणारा भेटला तर चहा पिऊन निघा.

राहिले हप्ते. लेआउटवाला "फक्त १० टक्के फ्लॅट रेट" म्हणतो तेव्हा कॅल्क्युलेटर काढा. एक लाखावर तीन वर्षं १० टक्के फ्लॅट म्हणजे व्याज ३०,००० आणि महिन्याचा हप्ता साधारण ३,६११, कारण मुद्दल कमी होत गेलं तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण एक लाखावरच लागत राहतं. बँकेच्या रिड्युसिंग पद्धतीनं मोजलं तर हा रेट जवळपास १८ टक्के पडतो. म्हणून रिड्युसिंगनं किती पडतं ते विचारा आणि उत्तर त्याच्या लेटरहेडवर सहीसकट मागा.