‘हमास म्हणते’ लिहिण्याआधी: सहा रकान्यांची वही

दादरला स्पर्धा परीक्षेच्या क्लासला जाणारी मुलं ‘हमासने प्रस्ताव फेटाळला’ एवढंच उतरवून घेतात. कोणी फेटाळला, कुठे बसून, हे सुटतं. मुख्य परीक्षेत उत्तर नेमकं तिथेच पोकळ पडतं.

फुलस्केप वही आडवी धरा आणि सहा रकाने आखा: घटनेची तारीख, जाहीर झाल्याची तारीख, नाव, पद, मुक्कामाचं शहर, यजमान किंवा पैसा पुरवणारा. हमास, तालिबान अशा एकेका संघटनेला आठेक पानं सोडा.

दोन तारखा हव्यातच. अफगाणिस्तानातल्या तालिबानचा संस्थापक मुल्ला उमर २०१३ मध्ये वारला, तालिबानने ते कबूल केलं जुलै २०१५ मध्ये. मधल्या काळात त्याच्या नावाने ईदचे संदेश निघत होते. एकच तारीख लिहिली, तर त्याच्या जागी आलेल्या मुल्ला मन्सूरच्या निवडीला उमरच्या मुलाने आणि भावाने सुरुवातीला विरोध का केला, हे कळणार नाही. शिवाय कतारच्या राजधानीत, दोह्यात, रात्री साडेनऊला निघालेलं निवेदन मुंबईत बाराला पोचतं आणि तारीखच बदलते.

पॅलेस्टिनी संघटना हमासचं पान चार भागांत मोडा: गाझा, पश्चिम किनारा (वेस्ट बँक), तुरुंगातले, परदेशातले. खरी ओढाताण यांच्यात असते. २०१२ मध्ये हमासचा तेव्हाचा राजकीय प्रमुख खालेद मशाल सीरियाची राजधानी दमास्कस सोडून दोह्याला गेला, कारण सीरियाचा तेव्हाचा अध्यक्ष असद याच्याविरोधी उठावात असदची बाजू घेणं त्याला जमेना. असदच्या पाठीशी असलेल्या इराणचा पैसा आटला. मशालला कतारचा आसरा पुरेसा होता, पण गाझातल्या सशस्त्र शाखेला इराणची शस्त्रं हवी होती. २०१७ मध्ये गाझाची सूत्रं याह्या सिनवारकडे आली आणि त्याच वर्षी त्याने इराणला सर्वांत मोठा पाठीराखा म्हटलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये हमासचं शिष्टमंडळ पुन्हा दमास्कसला गेलं. शहराचा रकाना भरलेला असेल, तर हे वळण वहीत आपोआप दिसतं.

‘शिया-सुन्नी वैर’ हे उत्तर शेवटच्या रकान्यात कधीच लिहू नका. हमास सुन्नी आहे, तरी शिया इराण तिला पोसतो. १९९८ मध्ये मझार-ए-शरीफला इराणी राजनैतिक अधिकारी मारले गेले, तेव्हा इराण आणि तालिबान युद्धाच्या उंबरठ्यावर होते. तरी २०१६ मध्ये तालिबानचाच मन्सूर अमेरिकी ड्रोनहल्ल्यात मेला, तो इराणहून परतताना.

हनिया, हानिये, हनियेह ही हमासच्या एकाच नेत्याची नावं. शेवटच्या पानावर एक रूप पक्कं करा, बाकीची त्याखाली टिपा. नाहीतर एकाच नेत्याच्या तीन नोंदी होतात.