कृतीतून बीजगणित-भूमिती: साहित्यच चुकीचं गणित शिकवतं, या चुका टाळा

गणिताची कृती फसली की पहिला संशय मुलांच्या कात्रीवर जातो. त्याआधी आपण ठरवलेली मापं तपासून पाहावीत. पट्टीची लांबी, दोऱ्याची जाडी, कागदाचा आकार यांतून मुलं निष्कर्ष काढत असतात, आणि ते निष्कर्ष आपल्याला हवे तेच असतील असं नाही.

क्षची पट्टी पूर्ण मापाची कापणं

बैजिक राशींचा गुणाकार आणि अवयव शिकवताना पुठ्ठ्याचे तीन प्रकारचे तुकडे लागतात: क्ष² चा मोठा चौरस, क्ष ची पट्टी आणि १ चा छोटा चौरस. छोटा चौरस २ सेमीचा आणि पट्टी १० सेमी लांब केली, की पाच चौरस शेजारी ठेवून कुणीतरी लगेच सांगतं, "क्ष म्हणजे पाच." तिथे चल संपला. पुढचा प्रत्येक विस्तार त्या मुलासाठी निव्वळ अंकगणित.

पट्टी ७.३ सेमी लांब आणि २ सेमी रुंद कापा, मोठा चौरस ७.३ बाय ७.३ सेमी. तीन एकक ठेवले तर पट्टी उरते, चार ठेवले तर ते बाहेर येतात. "क्ष किती एककांचा?" या प्रश्नाला "सांगता येत नाही" हे उत्तर मुलांकडून आलं, की माप बरोबर जमलं. दोघांत मिळून २ मोठे चौरस, १० पट्ट्या आणि १५ एकक पुरतात. एवढ्यात २क्ष² + ७क्ष + ६ सुद्धा मांडता येते.

तुकड्यांचा पूर्ण आयत जुळला की त्याच्या दोन बाजू म्हणजे राशीचे अवयव. अवयव पाडताना हा आयत आपणच रचून दाखवणं ही दुसरी चूक. क्ष² + ५क्ष + ६ साठी मुलाला सहा एकक एका ओळीत लावू द्या. त्या रचनेला ७ पट्ट्या लागतात, हातात आहेत ५, म्हणून दोन जागा रिकाम्या राहतात. मग ते एकक २ बाय ३ असे लावून बघतं आणि पाचही पट्ट्या चपखल बसतात. मधल्या पदाच्या ५ चा ६ च्या अवयवांशी काय संबंध, हे त्या दोन रिकाम्या जागांमुळे कळतं. त्यानंतर क्ष² + ५क्ष + ७ द्याच. सात एककांचा आयत १ बाय ७ असाच होतो, त्याला ८ पट्ट्या हव्यात, म्हणून आयत होत नाही. न जमणारं उदाहरण एकही दिलं नाही, तर प्रत्येक राशीचे पूर्णांकी अवयव पडतातच असा समज पक्का होतो.

ऋण पदांसाठी तुकड्यांची मागची बाजू वेगळ्या रंगाची ठेवतात. एक सरळ आणि एक उलटा तुकडा मिळून शून्य, हे बेरजेला उत्तम चालतं. (क्ष − २)(क्ष − ३) मांडताना मात्र तुकडा म्हणजे क्षेत्रफळ हा अर्थ तुटतो, कारण ऋण क्षेत्रफळ नसतं. इथून पुढे रंग हे फक्त चिन्ह आहे, हे स्पष्ट सांगा. धन सहगुणकांच्या राशी हातात बसल्याशिवाय या टप्प्याकडे वळूच नका.

तराजूवर रिकाम्या पिशवीचं वजन विसरणं

२क्ष + ३ = ११ साठी डाव्या पारड्यात प्रत्येकी ४ गोट्यांच्या दोन बंद पिशव्या आणि ३ गोट्या, उजवीकडे ११ गोट्या. पारडं डावीकडे झुकतं, कारण पिशव्यांनाही वजन आहे. उजव्या पारड्यात तशाच दोन रिकाम्या पिशव्या ठेवा. गोट्याही आधी एकेक तोलून सारख्या वजनाच्या निवडा.

त्रिकोणाचे कोपरे कात्रीनं कापणं

तीन कोपरे वेगळे करून एका रेषेवर जोडायचे, कृती सोपी. तरीही निम्मी मुलं भलताच कोन जोडतात. कात्रीनं कापलेला कोपरा हाही त्रिकोणच असतो: तीन सरळ कडा, तीन टोकं, त्यातलं मूळ टोक कुठलं हे ओळखता येत नाही. म्हणून कोपरे हातानं फाडा. फाटलेली कड खडबडीत राहते आणि मूळ कोन दोन सरळ कडांमध्ये आपोआप दिसतो. फाडण्याआधी तिन्ही कोनांत कंस काढून १, २, ३ लिहिलं तर गोंधळ उरतच नाही. प्रत्येक गटात एक तरी विशालकोन त्रिकोण असू द्या. सगळ्यांचे त्रिकोण समभुजासारखे असले तर मुलांनी एकच उदाहरण तीस वेळा पाहिलेलं असतं.

"जुळलं, म्हणजे सिद्ध झालं"

ही चूक सगळ्यात महाग पडते. ती उघडी पाडायला ८ सेमी बाजूचा चौरस घ्या. त्याच्या ३ सेमी आणि ५ सेमी रुंदीच्या दोन पट्ट्या कापा. अरुंद पट्टी कर्णावर कापली की दोन काटकोन त्रिकोण मिळतात. रुंद पट्टीच्या एका लांब कडेवर डावीकडून ३ सेमीवर आणि समोरच्या कडेवर डावीकडूनच ५ सेमीवर खूण करा, त्या खुणा जोडून कापा. दोन समलंब चौकोन मिळतात. हे चार तुकडे १३ बाय ५ च्या आयतासारखे जुळतात. चौरसाचं क्षेत्रफळ ६४, आयताचं ६५. एक चौसेमी आला कुठून?

त्रिकोणाच्या तिरक्या कडेचा चढ ३/८, म्हणजे ०.३७५. समलंब चौकोनाच्या तिरक्या कडेचा २/५, म्हणजे ०.४. दोन्ही मिळून एक रेषा होत नाही. आयताच्या कर्णालगत जेमतेम मिलीमीटरभर रुंदीची फट राहते, आणि कात्रीच्या चुकीत ती लपून जाते. हे पाहिलेला वर्ग पुढे स्वतःहून "खरंच जुळलंय का?" विचारू लागतो.

पायथागोरसच्या प्रमेयाला हाच प्रश्न लावा. ५ आणि ७ सेमी बाजूंचे चार काटकोन त्रिकोण १२ सेमीच्या चौरसात चार कोपऱ्यांना, प्रत्येक बाजूवर एक ५ ची आणि एक ७ ची कड येईल असे बसवा. आत उरतात १४४ − ७० = ७४ चौसेमी, आणि २५ + ४९ सुद्धा ७४. इथे न थांबता विचारा: आतली आकृती चौरसच कशावरून, नुसता समभुज चौकोन का नाही? काटकोन त्रिकोणाच्या दोन लघुकोनांची बेरीज ९०°, म्हणून सरळ रेषेवर तिसरा कोन ९०° उरतो. सिद्धता या वाक्यात आहे. ३-४-५ चाच त्रिकोण सतत वापरला तर मुलं प्रमेयाऐवजी आकडे पाठ करतात, म्हणून कर्ण पूर्णांकात न येणारी ही मापं घ्या.

घड्या घालायला त्रिकोण कापून देणं

लंबदुभाजक आणि शिरोलंब घडीनं छान दाखवता येतात. पण विशालकोन त्रिकोणात त्यांचे संपातबिंदू त्रिकोणाबाहेर पडतात आणि कापलेल्या तुकड्यात तिथे कागदच नसतो. मुलांना वाटतं, आपली घडी चुकली. त्रिकोण पातळ, मोठ्या कागदाच्या मध्यावर काढा आणि तसाच ठेवा.

पायची किंमत ३.२३ येणं

३ सेमी व्यासाच्या झाकणाभोवती १ मिमी जाडीचा दोरा गुंडाळला, की दोऱ्याचा मध्य ३.१ सेमी व्यासाच्या वर्तुळावर फिरतो. लांबी भरते साधारण ९.७ सेमी, भागाकार ३.२३. मुलांनी बरोबर मोजलेलं असतं, आणि आपण "नीट मोजा" म्हणतो! कागदाची अरुंद पट्टी वापरा आणि तबकडी २० सेमीच्या आसपास घ्या. व्यास अंदाजानं मोजला तर जीवा मोजली जाते आणि किंमत पुन्हा वर जाते. दोन गुण्यांच्या उभ्या कडांमध्ये तबकडी धरून अंतर घ्या.

उंची मोजताना उलटा कोन वाचणं

कोनमापकाच्या सरळ कडेला नळी आणि मध्याला वजन बांधलेला दोरा लावून उन्नत कोन मोजतात. नळी आडवी असताना दोरा ९०° वर असतो, त्यामुळे उन्नत कोन म्हणजे ९०° आणि वाचलेला कोन यांतला फरक. १० मीटरवरून ४०° च्या उन्नत कोनाला ८.४ मीटर येतात. मुलानं दोऱ्यावरचे ५०° तसेच घेतले तर ११.९. त्यात डोळ्याची जमिनीपासूनची उंची मिळवायची राहून जाते ती वेगळीच. उंचीएवढ्याच अंतरावर, म्हणजे कोन ४५° च्या जवळ येईल असं उभं राहा. ७०° वर एका अंशाच्या चुकीनं ८.४ मीटरच्या उंचीत जवळजवळ अर्धा मीटर फरक पडतो, ४०° वर ३० सेंमी.

पूर्ण संख्यांवरच थांबणं

२० सेमीच्या चौरस कागदाच्या चार कोपऱ्यांतून क्ष बाजूचे चौरस कापून उघडी पेटी करतात. घनफळ क्ष(२० − २क्ष)². गटांना १ ते ५ सेमी वाटून दिले की ३२४, ५१२, ५८८, ५७६, ५०० असे आकडे फळ्यावर येतात आणि "३ सेमी सर्वांत मोठी" म्हणून तास संपतो. एका गटाला ३.५ द्या. त्यांची पेटी ५९१.५ घनसेमीची होते, मग ३.३ करून बघा असं मुलंच म्हणतात. क्ष आणि घनफळ यांच्या आलेखावरचे ठिपके त्यानंतर जोडा.