सिंगापूर ट्रिपमधली मोकळी दुपार: माणशी पंचवीस डॉलरमध्ये मोठ्या मुलांना कसं फिरवायचं

शाळेची सिंगापूर ट्रिप असली की सगळा वेळ टूरवाल्यांनी आधीच भरून टाकलेला असतो, युनिव्हर्सल, सेंटोसा, झू वगैरे सगळी तिकिटं पॅकेजमध्ये धरलेली. पण प्रोग्रॅमच्या कागदावर एक दुपार "फ्री टाइम / शॉपिंग" अशी असतेच, आणि घरून दिलेले पैसे नेमके तिथे उडतात. आठवी ते दहावीची मुलं मॉलमध्ये सोडली की दोन तास त्याच ब्रँडची दुकानं बघतात जी पुण्या-मुंबईतही आहेत, चाळीस डॉलर घालवतात आणि संध्याकाळी विचारलं तर काय बघितलं ते धड सांगता येत नाही. तीच दुपार जरा आधी बसून आखली तर माणशी २५ सिंगापूर डॉलरमध्ये मस्त होते. डॉलर ढोबळ हिशोबाला ७० रुपये धरा, म्हणजे साधारण पावणेदोन हजार.

आधी मेट्रोची लाइन ठरवा, जागा नंतर

बहुतेक जण आधी नेटवरून दहा जागांची यादी काढतात आणि मग त्या जोडायला बसतात, त्यामुळे अर्धी दुपार गाडी बदलण्यात आणि "सर, अमुक आला नाही" यात जाते. उलटं करा. तिथल्या मेट्रोला सगळे एमआरटी म्हणतात, तिची डाउनटाउन लाइन नकाशावर निळी आहे, आणि तिच्यावर ओळीने स्टेशनं आहेत लिटल इंडिया, रोचोर, बुगिस, प्रोमेनाड, बेफ्रंट. जेवण, भटकंती आणि बाग तिन्ही याच पट्ट्यात बसतं, गाडी कुठेही बदलावी लागत नाही. आपल्याकडच्या ग्रुपची हॉटेलं बऱ्याचदा लिटल इंडियाच्या आसपासच असतात, तसं असेल तर सुरुवात चालतच.

मरलायन मी मुद्दाम धरलेला नाही. तोंडातून पाणी सोडणारा तो सिंह-मासा सिटी टूरमध्ये फोटोपुरता दाखवतातच, परत त्याच्यासाठी उन्हात एवढं चालण्यात अर्थ नाही.

पैशाचा हिशोब मुलांना करू द्या

हे निघायच्या आदल्या रात्री हॉटेलवरच करा, बसमध्ये नको. चार-पाच मुलांचा एक गट, प्रत्येक गटात एक खजिनदार, आणि त्याच्याकडे कागद. मेट्रोला साधारण ५ डॉलर, जेवणाला ८ ते १०, थंड काहीतरी ३, घरच्यांसाठी वस्तू ५, आणि उरलेले दोन-चार अडीअडचणीला, त्यांना हात लावायचा नाही. कुणाला जेवण कमी करून कीचेन जास्त घ्यायच्या असतील तर घेऊ द्या, फक्त जेवण अगदी शून्यावर नको. पंधरा वर्षांच्या मुलाला "हे घेऊ नकोस" म्हटलं की तो तेच घेणार, पण कागदावर त्यानेच आकडा लिहिला असेल तर तो स्वतःच दुकानदाराशी घासाघीस करतो, बघा तुम्ही.

पैसे सुट्टे हवेत. पन्नासची नोट हातात असली की ती एकदाच मोडते आणि मग कुठे गेली कळत नाही, म्हणून प्रत्येकाला दोन, पाच आणि दहाच्या नोटा द्या. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या खाण्याच्या स्टॉलांच्या मोठ्या शेडमध्ये, रोख सगळीकडे चालते.

मेट्रोचं तिकीट: प्रत्येकाला वेगळं कार्ड लागतं, एका कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत. सरांचं भारतातलं टॅप करायचं बँक कार्ड गेटवर चालतं पण बाहेरच्या बँकेच्या कार्डाला वापरलेल्या प्रत्येक दिवशी थोडी जादा फी लागते, आणि मुलांकडे तशी कार्डं नसतातच. तेव्हा टूर मॅनेजरला आधीच विचारा की मुलांसाठी ईझी-लिंकची प्रवास कार्डं पॅकेजमध्ये आहेत का. नसतील तर स्टेशनवर घ्यावी लागतील, आणि कार्डाची स्वतःची किंमत परत मिळत नाही, आत भरलेली रक्कम फक्त वापरता येते. एकाच दुपारसाठी ते महाग वाटतं, तेव्हा बाकीच्या दिवशी मेट्रो नसेल तर निदान बुगिसपर्यंत चालत जाऊन एक प्रवास वाचवा, लिटल इंडियापासून वीसेक मिनिटं लागतात.

दुपारी एक: जेवण लिटल इंडियात

सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, त्यामुळे पहिले दोन दिवस मुलांना तिथल्या एक वाजता भूक लागलेली नसते, आणि तीन वाजता सगळ्यांना एकदम लागते. ट्रिपच्या शेवटाकडची दुपार असेल तर हा प्रश्न येत नाही.

शाकाहारी मुलं किती आहेत यावर जेवणाची जागा ठरवा. सेरंगून रोडवरचं कोमला विलास १९४७ पासून आहे, पूर्ण शाकाहारी, डोसा-कॉफी मिळते आणि तुमचं काम दहा डॉलरच्या आत होतं. जैन मुलं असतील तर कांदा-लसणीचं ऑर्डर देण्याआधी काउंटरवर स्पष्ट विचारा, पानात आल्यावर नाही. बाकीच्यांना टेक्का सेंटर, स्टेशनच्या अगदी तोंडावर, तिथे पराठ्याच्या जवळचा रोटी प्राटा, बिर्याणी, सगळं मिळतं. पण एक सांगून ठेवा, एकाच टेबलावर चार स्टॉलांचं खाणं येतं, तेव्हा ज्याला चालत नाही त्याने वेगळ्या टेबलावर बसलेलं बरं, नंतर कुरकुर नको.

खाऊन झालं की ट्रे उचलून रॅकवर ठेवायचा. २०२१ पासून तिथे हे सक्तीचं आहे, दंड होऊ शकतो. पाणी विकत घेऊ नका, सिंगापूरचं नळाचं पाणी थेट पिण्याचं आहे, हॉटेलवरूनच बाटल्या भरून निघा. घरी सांगितलं तर आजीचा विश्वास बसणार नाही, पण खरंच आहे.

मुस्तफा सेंटर हे सगळं काही मिळणारं मोठं दुकानही याच भागात आहे आणि सगळी मुलं तिकडे ओढतील. माझं मत, त्या दुपारी तिथे जाऊ देऊ नका. कित्येक मजले आहेत, आत शिरलं की घड्याळाचं भानच राहत नाही, आणि रात्री उशिरापर्यंत उघडं असतं, तेव्हा चॉकलेटं-परफ्यूमची खरेदी रात्रीच्या जेवणानंतर मोठ्यांबरोबर.

अडीचच्या सुमारास: बुगिस आणि मशिदीमागची गल्ली

दोन स्टेशनं पुढे बुगिस. उतरून दहा मिनिटं चाललं की कंपोंग ग्लॅम, जुना मलाय-अरब मोहल्ला, मधोमध सोन्याच्या रंगाच्या घुमटाची सुलतान मशीद, आत्ताची इमारत १९३२ची. मुलांना घुमटाच्या बुडाशी बघायला सांगा, एक काळा पट्टा दिसतो, ती काचेच्या बाटल्यांची बुडं आहेत, गरीब लोकांनाही मशिदीत आपला वाटा देता यावा म्हणून त्यांच्याकडून गोळा केलेल्या. ही गोष्ट मुलं लक्षात ठेवतात, सालं नाही ठेवत. आत जायचं असेल तर भेटीच्या वेळा आधी बघा, अंगभर कपडे लागतात, नाहीतर समोरच्या बसोरा स्ट्रीटवरूनही छान दिसते.

शेजारीच हाजी लेन, दोन माणसं हात पसरून उभी राहिली तर अडेल इतकी गल्ली, भिंती चित्रांनी भरलेल्या, इथे फोटोंना एक तासही कमी पडतो. इथे गट सुटे सोडायला हरकत नाही कारण भाग छोटा आहे. पण भेटायची जागा आणि वेळ दोन्ही ठरलेली पाहिजे, "मशिदीच्या मुख्य दारासमोर, पावणेचार", असं. "इथेच कुठेतरी" म्हणून सोडलं की पुढचा अर्धा तास शोधाशोध. प्रत्येक गटातल्या एका तरी मुलाच्या फोनला चालू डेटा असू द्या आणि प्रत्येकाच्या खिशात हॉटेलचं कार्ड. पासपोर्ट मुलांकडे मुळीच नको, शिक्षकांकडे किंवा हॉटेलच्या तिजोरीत, फोनवर फोटो असला की झालं.

घरच्यांसाठी कीचेन, मॅग्नेट हे सगळं स्टेशनजवळच्या बुगिस स्ट्रीटच्या बाजारात घ्या, कंपोंग ग्लॅममधल्या दुकानांत तेच महाग पडतं.

पाऊस आला तर, आणि तिथे दुपारी बदाबदा येतो आणि तासाभरात जातो, तर बुगिसजवळ नॅशनल लायब्ररीची उंच इमारत आहे, एसी, फुकट. फक्त चाळीस मुलं एकदम नेऊ नका, ग्रंथालय आहे ते. बाकीच्यांना बुगिस जंक्शन मॉलमध्ये काढता येतो तासभर.

सव्वाचारनंतर: बेफ्रंट

बुगिसवरून परत निळ्या लाइनने दोन स्टेशनं. बेफ्रंटला बी एक्झिटने निघालात की जमिनीखालच्या रस्त्याने थेट गार्डन्स बाय द बेकडे जाता येतं, ऊन लागत नाही. आता इथे लक्ष द्या. काचेचे ते दोन मोठे डोम आणि झाडांमधला उंच पूल यांना तिकीट आहे आणि स्वस्त नाही, तिकिटाच्या खिडकीकडे मुलांना नेऊच नका किंवा डोम पॅकेजमध्ये आहेत का ते आधी बघा. बाहेरची सगळी बाग फुकट आहे. आणि खरी गंमत, ते सुपरट्री, म्हणजे झाडाच्या आकाराचे उंच मनोरे, बाहेरच आहेत, एकूण अठरा, २५ ते ५० मीटर उंच, त्यातले बारा एका जागी. त्यांच्यावर खरीखुरी झाडं वाढवलेली आहेत आणि काहींवर सोलर पॅनेल आहेत. विज्ञानाच्या बाईंनी यावर दोन प्रश्न विचारले तर ट्रिपला शैक्षणिक म्हणायला तेवढंच निमित्त.

रोज संध्याकाळी पावणेआठ आणि पावणेनऊला या झाडांवर लाइट आणि संगीताचा शो असतो, पंधरा मिनिटांचा, फुकट. तिथे वर्षभर सूर्य साधारण सातला मावळतो, म्हणून पावणेआठचा पकडा. आता अडचण अशी की टूरचं रात्रीचं जेवण नेमकं साडेसातला कुठल्यातरी भारतीय रेस्टॉरंटमध्ये ठरलेलं असतं. टूर मॅनेजरला दोन दिवस आधी सांगून ते साडेआठवर ढकला, ऐनवेळी म्हणालात तर तो बसवाल्याचं कारण सांगेल, आणि ते बरोबरही असतं, कारण बसचे तास मोजलेले असतात. नाहीच जमलं तर साडेसहाला निघा, शोच्या नादात जेवण बुडवू नका, रात्री दहाला उपाशी मुलं सांभाळणं वेगळंच प्रकरण आहे.

दंडाचं मात्र हसत सांगू नका

मेट्रोत खाणं-पिणं चालत नाही, पाणीसुद्धा नाही, पाचशे डॉलरपर्यंत दंड. च्युइंगम तिथे १९९२ पासून बंद आहे, आणायचंही नाही. आणि मोठ्या मुलांना थेट विचारा, व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, कुणाच्या बॅगेत असेल तर ते घरीच काढून ठेवायचं, तिथे बाळगणंही गुन्हा आहे आणि वय लहान म्हणून सोडत नाहीत. गुटखाही तसाच. हे पालकसभेत सांगा, म्हणजे मुलांना ऐकायला आई-बाबाही असतात.

परतताना प्लॅटफॉर्मवर उतरण्याआधी वरच, गेटपाशी, डोकी मोजा, खाली गाडी दोन-तीन मिनिटांनी येते आणि अर्धी मुलं आत, अर्धी बाहेर असं होऊ शकतं. झालंच तर पुढच्या स्टेशनवर उतरून थांबायचं हा नियम सकाळीच सांगून ठेवा. आणि उरलेली चिल्लर एअरपोर्टला जायच्या आधी संपवा, मनी चेंजरवाले नोटा घेतात, नाणी घेत नाहीत.