पाठीत उसण भरली, की महाधमनी फाटली?

मे महिन्यात हापूसच्या पेट्या टेम्पोत चढवताना तिशीतल्या मुलाच्या पाठीत कळ आली, तर घरात आधी उसणच आठवते. तेल चोळतात, ओवा देतात, झोपवतात. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण क्वचित कधी त्या क्षणी छातीतली महाधमनी फाटलेली असते, आणि मुलगा तरुण म्हणून कोणाला ते सुचत नाही.

हृदयातून निघून पोटापर्यंत उतरणारी ही शरीरातली सर्वांत मोठी रक्तवाहिनी. तिच्या भिंतीला तीन थर असतात. आतल्या थराला चीर गेली की रक्त दाबाने थरांमध्ये घुसतं आणि भिंत लांबवर सोलत जाते. हे डिसेक्शन. भिंत कमकुवत होऊन फुगते तो अ‍ॅन्युरिझम. तो वर्षानुवर्षं न दुखता वाढतो.

उसण वळलं-वाकलं की वाढते, दाबल्यावर नेमकी जागा सापडते. पित्ताची जळजळ हळूहळू चढते. महाधमनीची कळ पहिल्याच क्षणी टोकाला असते: काहीतरी फाटल्यासारखी, छातीत किंवा दोन खवाट्यांच्या मध्ये, कधी कमरेकडे सरकत जाणारी. सोबत घेरी, दरदरून घाम, एका पायाला बधिरपणा, तोंड वाकडं होणं यातलं काहीही असू शकतं. तासाभराने कळ ओसरली म्हणून थांबू नका. हृदयालगतच्या भागात चीर असेल (टाइप ए), तर उपचाराविना पहिल्या दोन दिवसांत दर तासाला मृत्यूचा धोका साधारण 1 ते 2 टक्क्यांनी वाढत जातो.

108 ला फोन करा. रुग्णाला चालवू नका, मोटारसायकलवर बसवू नका. जवळच्या रुग्णालयात पोचताच डॉक्टरांना तीन गोष्टी सांगा: कळ अचानक आणि फाटल्यासारखी आली, घरात कोणी तरुणपणी अचानक गेलंय का, आणि दोन्ही हातांचं बीपी बघाल का. वरच्या आकड्यात 20 हून अधिक फरक असेल तर संशय बळावतो. फरक नसला तरी आजार नाही असं ठरत नाही. ईसीजी आणि छातीचा एक्स-रे दोन्ही नॉर्मल येऊ शकतात. उलट चीर हृदयाच्या धमनीपर्यंत गेली, तर ईसीजी हार्ट अटॅकसारखाच दिसतो. घोटाळा होतो तो इथेच: गुठळी विरघळवणारं इंजेक्शन अटॅकमध्ये जीव वाचवतं, डिसेक्शनमध्ये जीव घेऊ शकतं. म्हणून ते देण्याआधी ‘महाधमनीचं काही नाही ना?’ हे स्पष्ट विचारा. डॉक्टरांना राग येईल म्हणून गप्प बसू नका.

खात्री होते ती सीटी अँजिओग्राफीने, पूर्ण महाधमनीच्या. टाइप ए असेल तर तातडीची शस्त्रक्रिया लागते. फक्त खालच्या भागात चीर असेल तर बहुधा औषधांवर भागतं, गुंतागुंत झाली तर स्टेंट-ग्राफ्ट (धमनीत आतून बसवायची कापडी-जाळीची नळी).

कोकणातून मोठं रुग्णालय गाठायचं तर रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूर, चिपळूणहून कुंभार्ली घाटाने कराड, सावंतवाडीहून गोव्यातलं बांबोळी. कुठेही निघण्याआधी फोन करून विचारा: आत्ता सीटी अँजिओ होईल का, हृदयशल्यविशारद हजर आहेत का, रात्री थिएटर चालू असतं का. पावसाळ्यात घाट मोकळा आहे ना, हेही. वाटेत रुग्णालय बदलावं लागलं तर गेलेले दोन तास परत मिळत नाहीत. निघण्यापूर्वी वेदनाशामक आणि बीटा-ब्लॉकर (हृदयाचे ठोके आणि बीपी कमी करणारं औषध) शिरेतून सुरू व्हावं: ठोके 60 च्या खाली, वरचं बीपी 100 ते 120. आधी ठोके, मग बीपी. नुसत्या रक्तवाहिन्या सैलावल्या तर ठोके वाढून चीर पुढे सरकते. बीपी आधीच पडलेलं असेल तर मात्र हा हिशेब लागू नाही. हृदयाभोवती रक्त साचलं असण्याची शक्यता असते. सीटीची सीडी सोबत द्या.

कळ येण्याआधी ओळखता आलं तर सगळ्यात बरं. घरात कोणी फार उंच, लांब हातापायांचं आहे? हात पसरून मोजा: लांबी उंचीपेक्षा 5 टक्क्यांहून जास्त आहे का? मुठीत अंगठा मिटल्यावर त्याचं नख करंगळीच्या बाजूने पूर्ण बाहेर येतं का? दुसऱ्या हाताच्या अंगठा-करंगळीने मनगट वेढलं तर नखं एकमेकांवर चढतात का? डोळ्याचं भिंग सरकलेलं, छाती खोल गेलेली? ही मार्फान या आनुवंशिक आजाराची खूण असू शकते; त्यात महाधमनीची भिंत कमकुवत असते. आई किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक मुलाला 50 टक्के शक्यता. दुभंगलेली पडजीभ (लॉइझ-डिट्झ, असाच आनुवंशिक आजार), तीनऐवजी दोन पाकळ्यांची महाधमनी झडप, तरुण बाईच्या एका हाताची नाडी न लागणं (ताकायासु, म्हणजे मोठ्या धमन्यांना सूज येण्याचा आजार), हेही लक्षात ठेवा.

अशा घरातल्या आई-वडील, भावंडं, मुलं सगळ्यांचा इको (हृदयाची सोनोग्राफी) करा. रिपोर्टमध्ये महाधमनीच्या मुळाचं माप मिलिमीटरमध्ये लिहून मागा. ‘नॉर्मल’ एवढं पुरेसं नाही. मूळ फुगलेलं निघालं तर सहा महिन्यांनी पुन्हा इको, मग साधारण दरवर्षी. मार्फानमध्ये 50 मिमीला, इतरांत बहुधा 55 मिमीला शस्त्रक्रियेचा विचार होतो. घरात फाटल्याचा इतिहास असेल तर त्याहून आधी. मार्फान असलेल्या मुलीला दिवस राहण्याआधीच हृदयतज्ज्ञाला दाखवा. शेवटचे तीन महिने आणि बाळंतपणानंतरचे आठवडे सर्वांत नाजूक. लोसार्टन ही बीपीची गोळी चालू असेल तर गरोदरपणात ते चालत नाही.

मूळ फुगलेलं असेल तर जांभ्याचे चिरे उचलणं, रापण ओढणं, होडी वर काढणं, कबड्डी बंद. श्वास रोखून जोर लावला की बीपी उसळतं. चालणं, संथ पोहणं चालतं. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक्स लिहून दिली तर आधी फुगवट्याचं सांगा; पर्याय असेल तर तो मागा. बीटा-ब्लॉकरची गोळी स्वतःहून तोडू नका. बोटीवर जाणाऱ्याने गोळ्या जास्तीच्या न्याव्यात, आणि इकोच्या शेवटच्या रिपोर्टचा फोटो आपल्या आणि तांडेलाच्या फोनमध्ये ठेवावा.